वरचा खिसा

ता. ९ मार्च

प्रिय ताईस,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. भावजींचा खोकला थांबला का? हिची शिवणाची कामं वाढल्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. घरातली माणसं अजून धडधाकट आहेत.

भाचीचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं. दोन दिवस आधी ये म्हणतेस, पण जामिनावरच्या माणसाला शहराबाहेर पडायला परवानगी लागते. वकीलबाईंनी अर्ज केला आहे. तारीख लग्नानंतरची मिळाली.

दर सोमवारी चौकीत सही करतो, त्याला एकोणीस महिने झाले. हवालदार मला पाहिलं की आधीच रजिस्टर उघडतात. मी विचारतो, "साहेब, आरोपपत्राचं काय?"

"तज्ज्ञांचा अहवालच नाही हो आलेला. आला की बघू."

परवा मलाच म्हणाले, "आमची लिफ्ट मधेच थांबते, जरा बघता का?" लिफ्टच्या कामाला हात लावायचा नाही ही माझ्या जामिनाची अट आहे, याची त्यांनाच आठवण करून द्यावी लागली. जन्मभर दोन मजल्यांमधे अडकलेली माणसं बाहेर काढली, आता मीच अडकलोय. वर न्या, खाली न्या, पण हलवा.

व्याह्यांना काय सांगू, असं तू विचारतेस. मामाला सुट्टी मिळाली नाही, असं सांग. सुट्टीशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही, पण ते कुठे बघायला येणार आहेत.

वकीलबाईंनी बजावलंय, आरोपपत्र येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. हिलाही सांगितलेलं नाही. पण आता सहन होत नाही, ताई.

दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. दुरुस्तीच्या वेळी आम्ही दाराच्या कुलपाला वीतभर तार जोडून लिफ्टला फसवतो, म्हणजे दार उघडं असतानाही ती चालते. काम झालं की तार काढून वरच्या खिशात ठेवायची, आणि खिसा चाचपल्याशिवाय इमारतीबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं.

त्या दिवशी साडेपाचला घरी आलो. हिने शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिसा रिकामा होता. पिशवीत असेल, उद्या बघू, असं म्हणून मी चहा प्यायलो. ती इमारत घरापासून दहा मिनिटांवर आहे. सात वाजता तिसऱ्या मजल्याचं दार उघडं राहिलं, लिफ्ट वर निघून गेली, आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंनी आत पाऊल टाकलं. त्या गेल्या.

पिशवी मी त्याच रात्री, बातमी कळल्यावर उपसली. तार नव्हती.

अहवाल यावा असं रोज वाटतं, आणि त्याच दमात येऊ नये असंही वाटतं. वाट बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही, असं सगळ्यांना सांगतो. तसं ते खरं नाही. येत्या सोमवारी सही करताना हवालदारांना सगळं सांगायचं ठरवलं आहे.

मागचे ऐंशी सोमवारही हेच ठरवून गेलो होतो. म्हणून हे पत्र फाडू नकोस.

भाचीला आशीर्वाद.

तुझा
धाकटा