जाण्याचा रकाना

३ एप्रिल १९५६
लिहीन लिहीन म्हणत आठ दिवस गेले. सावली गावी आईला पत्र टाकायचं, तेही राहिलंच. तिला वाचता येत नाही, पण माझं वाकडं अक्षर ओळखते. असो. आरमोरीपुढं जंगलातल्या या डाकबंगल्यावर मस्त काम लागलंय : पाहुण्यांचं जुनं रजिस्टर नव्या वहीत उतरवायचं. नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. सकाळी बसलोच होतो, पण बाहेर मोहाचं फूल असं टपोरं पडून राह्यलं होतं की दोन तास तेच वेचलं. खानसामा मुखरूनं माझंही नाव वहीत लिहायला लावलं. ज्याचं नाव त्यालेच ताट, म्हणे.

५ एप्रिल
१९१२ चं पान. एल्मर प्राइस, अमेरिका. गोष्टी लिहिणारा, वर्तमानपत्रवाला. आल्याची तारीख आहे, गेल्याची नाही. मुखरू सांगतो, साहेब वाघाची बातमी लिहायला आला, जंगलात शिरला, परतलाच नाही. वहीत अजून पाहुणाच. म्हणून मुखरू बापासारखाच रोज तीनला टेबलावर काळी कॉफी ठेवतो. कप रिकामा होतो. तूच पीत असशील, म्हटलं. "मले तं ते कडू जहर आवडतच नाई, भाऊ!"

७ एप्रिल
तो रिकामा रकाना डोळ्यात खुपत होता. आजची तारीख घालून 'गेले' लिहून टाकलं. मुखरूनं कपाळावर हात मारला. काऊन हाकललं त्याले? लिवणारा माणूस हाय, आता तो तुमाले लिवन.

८ एप्रिल
कॉफी तशीच.

९ एप्रिल
माझ्या नावापुढं, जाण्याच्या रकान्यात, आजची तारीख. इंग्रजी, तिरपं, लांबट अक्षर, १९१२ च्या पानावरच्या प्राइसच्या नोंदीसारखंच. शाई ओली. चाकूनं खरडलं. कागद फाटला — खालच्या पानावरही तेच.

१० एप्रिल
ताट आलं नाही. हाका मारल्या. मुखरू कप घेऊन अंगावरून गेला, पाहिलंही नाही. कप रिकामा झाला.
आरमोरीकडं निघालो. तासभर सरळ चाललो — समोर हाच व्हरांडा.

११ एप्रिल
पुन्हा निघालो. पुन्हा —

१२ एप्रिल
आईला पत्र लिहिलं. नेणार कोण

१३ एप्रिल
आई आलीय! सावलीहून, डोक्यावर सुक्या मासोळीची पाटी. मुखरू तिला रजिस्टर दाखवतोय. "पोरगा गेला, बाई. हे पाहा, लिवून हाय." ती त्या अक्षरावर बोट फिरवतेय. मी ओरडतोय, वळत नाही. पाटी उचलतेय — हे पान फाडून पाटीत टाकतो, अक्षर तरी ओळखेल — आई, मी गेलो नाही, मी इथ