आठ नंबरच्या आजी

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

काल मी काम करते त्या वृद्धाश्रमात साठच्या दशकातल्या एका रॉक महोत्सवाची फिल्म लावली होती. चिखलात नाचणारी एक मुलगी दिसताच आठ नंबरच्या खोलीतल्या आजी ओरडल्या, "अगं, ही मीच!" भेटायला आलेल्या त्यांच्या मुलाने लाजून टीव्हीच बंद केला. आजींनी मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं. "आधी चालू करा!" मी ओरडले. मॅनेजरने मला नोटीस दिली. देऊ दे.

बाबा, तुम्ही ताईची गिटार आपटून फोडलीत, तेव्हा तिनेही अशीच मान खाली घातली होती आणि मी गप्प बसले. तो संताप अजून जात नाही. तिच्यासाठी नवी गिटार पाठवलीय. ती वाजवेल तेव्हा समोरून उठून जाऊ नका.

तुमच्यावर रागावलेली,
धाकटी