वाटीखालची कंडरा

प्रिय चिनात्सु,

तुला इस्पितळात सोडून परतले तेव्हा इथला बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता. तोयोबाईंनी सराईच्या दारातच विचारलं, पोरीचा पाय कसा आहे. मी म्हटलं, पाय आहे तिथेच आहे, डोकं कुठे आहे ते बघायला हवं. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

डॉक्टर इकेउची शस्त्रक्रियेचे दोन्ही पर्याय समजावत होते तेव्हा मी मान हलवत होते, पण निम्मं कळलं नव्हतं. मग गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणली आणि अडलेली पानं पुन्हा पुन्हा वाचली. आता एवढं समजलंय, की हाडाला हाड बांधणारं गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तर ते नुसतं शिवून तुझ्यासारख्या खेळाडूला सहसा पुरत नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी दुसरी एखादी कंडरा तुझ्याच पायातून काढून तिथे बसवतात. गुडघ्याच्या वाटीखालची घेतली तर तिच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. हाड हाडाला लवकर धरतं, आणि उडी मारून एका पायावर वळणाऱ्या तरुण मुलींमध्ये ती पुन्हा तुटण्याची भीती कमी. पण गुडघा पुढून दुखतो, जमिनीला टेकला की जास्तच, आणि काहींचं ते दुखणं कायमचं राहतं. मांडीच्या मागच्या कंडरा घेतल्या तर टेकायला त्रास कमी. मात्र त्या हाडात रुजायला वेळ घेतात आणि खेळात दगा देण्याचा धोका थोडा अधिक. एका पुस्तकात लिहिलंय, चांगल्या हातांनी केल्या तर दोन्ही चांगल्या. माणसाला पुढे काय करायचंय, त्यावर निवड.

काही शंका आहेत का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू हँडबॉलचं एक अक्षर काढलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "टाचांवर बसता येईल ना?" ते म्हणाले, "हल्ली खुर्च्या असतात की." तू मान खाली घालून मागच्या कंडरा मागितल्यास. मी शेजारी बसले होते आणि त्या कशासाठी मागितल्यास ते मला कळलं.

बाबांच्या वर्षश्राद्धाला तू सुजलेला पाय पसरून बसलीस, तेव्हा हिदेझो काका सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आमच्या सराईची पुढची मालकीण पाहुण्यांचं स्वागत पाय लांब करून करणार वाटतं?" सगळे हसले, तूही हसलीस. आपल्याकडे खोलीचं दार गुडघे टेकून सरकवायचं, ताट गुडघे टेकून ठेवायचं, निरोपही टाचांवर बसून, कपाळ चटईला लावून द्यायचा. मी आयुष्यभर ते केलं. सवयीचं होतं, म्हणून जड गेलं नाही. बाबा गेल्यावर मात्र रिकाम्या खोलीचं दार सरकवतानाही मी आधी गुडघे टेकायची आणि मग आत कुणी नाही हे बघत बसायची.

आता लिहायचं होतं ते लिहिते. काल मी दारावरचा पडदा उतरवला. सराई बंद केली. तुझ्या गुडघ्यापायी केली असं समजू नकोस. पाहुणे कधीच आटले होते, गरम झऱ्याचं पाणीही कोमट होत चाललंय. हिदेझो काका माझ्याशी बोलत नाहीत. तोयोबाईंचं इथलं काम संपलं, त्या बहिणीकडे जायला निघाल्यात. त्यांचं म्हणणं होतं, पोरीला ऑपरेशननंतर सांगा, आत्ता कशाला जिवाला घोर. पण एकदा काढलेली कंडरा परत जागेवर लावता येत नाही, म्हणून आधी कळवतेय. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना पुन्हा भेट आणि या वेळी खेळाचं विचार. त्यानंतरही मागच्याच हव्या वाटल्या तर खुशाल घे. फक्त माझ्यासाठी घेऊ नकोस. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून एकटी जेवते. मला कुणी गुडघे टेकून वाढायला नको.

तुझीच,
आई