गुराबेची मधली डोलकाठी

२७ ऑगस्ट, बुध.
इंदूरहून दुपारी परत. बागसेवनियाच्या घरात शिरलो तर मागच्या खोलीतलं टेबल रिकामं. माझी गुराब नाही! मराठा आरमारातलं तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, चार फुटी, अकरा वर्षं खपलोय त्यावर. सौ. भाजी निवडत होती. मंडळवाले गणपतीच्या देखाव्यासाठी घेऊन गेले म्हणाली. "मी दिली." बस्स.
तसाच मंडळात. मधली डोलकाठी बुंध्यापासून कापलेली, तिथे गणपती. तोफांवर उंदीर. अध्यक्ष जोगळेकर म्हणे, काय शोभतंय हो! मूर्ती उचला म्हटलं तर गुरुजी मध्ये पडले. प्राणप्रतिष्ठा झालीय, आता उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही. म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत बघत बसा.

२८ ऑ.
सौ.शी बोललो नाही. शिडं तिनेच शिवलेली. मांजरपाट, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला. तेव्हा हात थरथरत नव्हते. आता कप दोन्ही हातांनी धरते. मधलं शीड फाटलंय, ते पुन्हा होणे नाही. आणि हिनेच उचलून दिली. डोकं फिरलंय माझं.

३० ऑ., शनि.
आरतीला गेलो, म्हणजे राखणीला. कापूर शिडापासून वीतभर. कुणा काकूंनी नाळेला, जहाजाच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, पुसायला गेलो तर आणखी पसरलं. सजावटवाल्याला सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणतो, "अंकल, हमने नहीं काटा. कटा हुआ ही आया था." खोटारडा.

६ सप्टें., विसर्जन
उत्तरपूजा झाली. बाकीचे वाजतगाजत तलावावर, मी गुराब घेऊन रिक्षात. घरी भिंगातून बुंधा पाहिला. दाते बारीक. माझ्याच करवतीचे. आणि कापाशेजारी सात-आठ ओरखडे, करवत पुन्हा पुन्हा घसरलेली.
करवत कुलुपात असते. किल्ल्या दोन.
सजावटवाल्याला उगाच बोललो. जेवलो नाही.

७ सप्टें., रवि.
विचारलं. नाकारलं नाही तिने. मूर्ती मावत नाही म्हणून मंडळवाले परत निघाले होते, हिनेच थांबवलं. त्यांना चहा दिला आणि आत जाऊन थरथरत्या हातांनी कापली. म्हणाली, तुम्हाला गुराब दिसते, माझे हात दिसत नाहीत.
मी खूप ओरडलो. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. हातांचं एवढं होतं तर मला सांगायचं, डोलकाठी कसली कापतेस?
"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही दोर ओवत होतात."
दोन वर्षं डॉक्टरकडे एकटी जातेय. मला वाटायचं भिशी.

८ सप्टें.
आठवून पाहिलं. एकदाचं आठवतं. "हं" म्हणालो होतो.
तरी कापायला नको होती. अकरा वर्षं!

१० सप्टें., बुध.
सागवानाचा तुकडा आणलाय. तासला नाही. फाटकं शीड तिच्या शिवणाच्या डब्यावर घडी करून ठेवलेलं दिसलं. मी ठेवलं नव्हतं. विचारलं नाही.
उद्या सकाळी अकराला एम.पी. नगर, तिचे डॉक्टर. मी येतो म्हटलं.
ती पोळ्या लाटत होती, वर न बघता म्हणाली, "बघू. उद्यापर्यंत लक्षात राहिलं तर."