पहिल्या हाकेला

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा.

आज नव्या घरात आलो. महाड सोडून पोलादपूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला मोठी कमान आहे, तिच्यावर ‘सह्यकुंज’ लिहिलं आहे. चारी बाजूंनी भिंत आणि गेटवर वॉचमन. आमचा बंगला बारा नंबरचा. सुनीलने घेतला तेव्हाच म्हणाला होता, बाबा, उमरठच्या वरच्या वाडीत आता राहिलंय कोण? वरचा डोंगर कधी खाली येईल सांगता येत नाही. पावसाळाभर मी रात्री उठून डोंगराचा आवाज घ्यायचो, ते आज संपलं. सुनीलने गुढी उभारली, हिने पोळ्या केल्या, जेवून तो डोंबिवलीला परत गेला.

डॉक्टरांनी सांगितलं आहे, रोज प्रेशर मोजून वहीत लिहा आणि मनात काय काळजी येते तेही लिहा. मी चौथी पास, पण अक्षर बरं आहे. प्रेशर १५०/९०. काळजी अशी की गॅसचं बटण नीट बंद झालं की नाही हे कळत नाही. चारदा उठून पाहिलं. बाकी आनंद आहे. नळाला दिवसभर पाणी असतं. ही उगाच नळ सोडून बघते आणि हसते.

११ एप्रिल, गुरुवार

इथे फार शांत आहे. चाळीस बंगले, त्यातल्या तिसांना कुलूप. मालक मुंबईला नाही तर पुण्याला. शेजारी अंकिता म्हणून मुलगी राहते, ती दिवसभर कानाला काहीतरी लावून कॉम्प्युटरवर काम करते. आज हिने भिंतीवरून हाक मारली, “अगो अंकिता, कैऱ्या होव्यात काय?” पोरगी हसून घेऊन गेली. पण थोड्या वेळाने गेटवरचा नागसेन आला. दासगावचा, चाळिशीचा माणूस. म्हणाला, “आजी, हाका नाय मारायच्या हितं. बोर्डावर लिवलंय. बेल दाबा, नायतर फोन करा.”

ही म्हणाली, “मेल्या, तोंड काय घास गिळायलाच दिलंय देवानं?” नागसेन पण हसला. पण नंतर ही दिवसभर भिंतीपाशी गेली नाही.

मलाही इथे नावाने कुणी ओळखत नाही. मी बारा नंबरचे काका. वाडीवर उजाडल्यापासून सोनबा, सोनबा चालू असायचं, तेव्हा वैताग यायचा. प्रेशर १५०/९०.

१५ एप्रिल, सोमवार

दुपारी बाराच्या सुमाराला अंगणात मिरच्या वाळत घालत होतो. ही आत तांदूळ निवडत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागच्या कुलूपबंद बंगल्यांकडून हाक आली, “सोनबाऽऽ!” अगदी वाडीवरच्यासारखी, शेवट लांबवलेली. मी लगेच ओ दिली. कुणीतरी आपलं आलं, असा आनंद झाला.

कुणीच आलं नाही. मागे जाऊन पाहिलं तर सगळ्या दारांना कुलुपं, पायऱ्यांवर पाला साचलेला.

आमच्या वाडीत पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते एकदाच हाक मारतं. सगळं आयुष्य हे पाळलं, आणि इथे सिमेंटच्या रस्त्यावर विसरलो. हिला सांगितलं नाही. ही वरंधची, घाटरस्त्यावरची. हिच्या माहेरी असलं मानत नाहीत, मला हसते.

प्रेशर १६०/१००.

१७ एप्रिल, बुधवार

घसा बसला आहे. ही म्हणते, कैऱ्या खाल्ल्यात म्हणून. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. बोलू नका म्हणाले. रिक्षाने परत येताना एवढं थकलो की कमानीपासून घरापर्यंत दोनदा बसलो. शेतातल्या कामानेही कधी असा थकलो नव्हतो.

१९ एप्रिल, शुक्रवार

नागसेनने गेटवर थांबवलं. “काका, भर दुपारचे त्या बंद बंगल्यांकडं काय करता? मगाशी कुणाला हाका मारत होतात?”

मी दुपारभर खाटेवर पडून होतो. तसं सांगायला गेलो तर घशातून नुसता वारा आला. तो म्हणाला, “आता गप ऱ्हावा. तिथं तर खणखणीत वरडत होतात.”

घरी आल्यावर चांगू आठवला. वाडीतला मुका चांगू. ही लग्न होऊन आली तेव्हा तो मुकाच होता, म्हणून हिला वाटतं जन्माचाच मुका. पण माझ्या वडिलांनी त्याला बोलताना ऐकलं होतं. झऱ्यावर भर दुपारी त्याने पहिल्या हाकेला ओ दिली होती. आठ दिवसांत आवाज गेला. मग त्याच्याच आवाजात त्याच्या बायकोला हाक आली. तिने ओ दिली, हातातली घागर खाली ठेवली आणि चालत गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. चांगू पुढे तीस वर्षं जगला.

प्रेशर मोजलं, लिहीत नाही.

२२ एप्रिल, सोमवार

आवाज पूर्ण गेला. सुनील फोनवर म्हणत राहिला, बाबा, बोला ना. मग हिच्याशी बोलून त्याने ठेवून दिला. रविवारी येतो म्हणाला.

दुपारी ही परसातून पदर तोंडाला लावून आली. चूळ भरून म्हणाली, “अवो, काय झालंय काय तुमाला? येवड्या वर्सांनी नावानं हाक? लोकांम्होरं घसा बसल्याचं सोंग, आनि मागं जाऊन बायकोला हाका मारता?” तोंडात मशेरी होती म्हणून ओ देता आली नाही, असं म्हणाली. लाजली होती.

मी खाली बसलो.

लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. अगो म्हणायचं, ऐकलंस काय म्हणायचं. या वहीतही मी ‘ही’ असंच लिहीत आलो. तिचं नाव तुळसा.

२४ एप्रिल, बुधवार

हातवारे करून सांगून पाहिलं. ती हसते. लिहिलेलं तिला वाचता येत नाही. म्हणून नागसेनला चिठ्ठी लिहून दिली, हिला वाचून दाखव. त्याने वाचली, “काका म्हनतात, दुपारी नावानं हाक आली तर ओ देऊ नका. तो आवाज त्यांचा नाय.”

ती आधी हसली. “म्हातारा लाजतोय रे. एकदा तोंडातनं नाव निघून गेलं, आता निस्तरतोय.” मग हसू गेलं. माझ्याकडे बघत म्हणाली, “एक्कावन वर्सं अगो ऐकलं. हितं तर माज्याशी बोलायला कुत्रं नाय. आता कुठं नावानं हाक येते, तर ओ पन देऊ नको?”

नागसेन खाली मान घालून गेला.

आज पण हाक आली. परवाच्यापेक्षा जवळून, फाटकापाशी. ती न्हाणीत होती, पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेली नाही. तिचा डावा कान अधू आहे. देवा, दुसराही—

काय लिहितो आहे मी.

२५ एप्रिल, गुरुवार

बॅग भरली. वाडीवर परत जाऊ. तिने कपडे काढून पुन्हा कपाटात लावले. म्हणाली, आजारी माणसाने प्रवास करू नये.

रात्रभर झोप नाही. न्हाणीत कडी लावून तिचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. तोंड उघडतं, जीभ हलते. वारा. एवढी वर्षं आवाज होता तेव्हा—

दुपारी हाक ओटीवर आली. मी पितळेची परात आपटत राहिलो. अंकिता धावत आली, नागसेन आला. आजी, काकांना डॉक्टरांकडे न्या म्हणाले. परात तिने काढून घेतली.

२६ एप्रिल, शुक्रवार. सकाळ.

तिने आज ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आहे. वेणी घातली. कुठे जायचं आहे, विचारता येत नाही.

साडेअकरा.

दारं लावली. खिडक्या लावल्या. कड्या दोनदा बघितल्या. तिला पलंगावर बसवलं आहे, समोर मी. डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आहे. तिला मजा वाटते. म्हणते, सोडा, पळून नाय जात.

बारा वाजत आले.

बाहेर काही नाही. फाटकाशी नाही. ओटीवर नाही. गेलं असेल. दार बंद बघून गेलं—

हाक आली.

बाहेरून नाही. इथून. मी बसलो आहे तिथून. माझं तोंड मिटलेलं आहे. पण ती माझ्याकडेच बघते आहे. एवढ्या मायेने मी सुद्धा कधी तिला— मी मान हलवतो आहे. नाही, नाही. ती लाजून हसली. तिचे ओठ गोल