नाक्यावरची टोपली

वैशाख वद्य पंचमी, शके १८६०

डोकं अजून तापलंय. सरकारचा शेजारच्या संस्थानाशी करार झाला, आता नाक्यावर जकात नाही, असं परवा चावडीवर सरकारी कागदावरून मीच मोठ्या तोंडानं वाचून दाखवलं. त्या भरवशावर गावातली सोनीबाई पलीकडे दिलेल्या लेकीला बियाण्याचं भात द्यायला निघाली. दरसालची रीत. नाकेदारानं टोपलीच ठेवून घेतली. का, तर सवलत फक्त परवानेवाल्या व्यापाऱ्यांना! तिच्यादेखत लाकडाच्या गाड्या बिनजकात गेल्या.

"मास्तर, पयले पसाभर भात दिला का सोडीत. आता सगली टोपलीच ठेवली. त्या कागदात आमी कुटं हाव, दाखवा."

टोपली तिकडंच आहे. आज कागद दोनदा वाचला; सवलत परवानेवाल्यांनाच, सोनीबाई त्यात कुठंच नाही. परवा, चावडीवर उभं राहण्याआधी, एकदा तरी नीट वाचायला काय झालं होतं मला?