कासवाची पाठ

३ मार्च, मंगळवार
माळ्यावरून कासव उतरवलं. कंबर मोडायची राहिली.
कासव म्हणजे ह्यांच्या कारखान्यात बनलेला जुना कॉम्प्युटर. पाठ घुमटासारखी, नारिंगी. पोटाखालून कीबोर्ड सरकून बाहेर येतो, पुढे डोक्यासारखी इवलीशी काच. अंगावर एक स्क्रू दिसेल तर शपथ! साचा ह्यांनीच घडवलेला. तोऱ्यात सांगायचे, "कुठे दाबलं की उघडतं ते मला ठाऊक. मालकालाही नाही."
आता मी कोण तेही ह्यांना ठाऊक नाही. आठ महिने झाले, मला "ओ बाई" म्हणतात.
थोरला १४ तारखेला येणार, बापाला म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवायला. म्हणतो, "आई, बाबांच्या डोक्यात काही उरलेलं नाही." मी म्हटलं, उरलंय. ते कासव उघडून दाखवतील. उघडलं तर न्यायचं नाही. बरं म्हणाला. आईचं तोंड बंद व्हावं म्हणून म्हणाला, कळतं मला.

५ मार्च, गुरुवार
कासव समोर ठेवलं. ह्यांनी त्यावर आपली टोपी ठेवली. झालं.

८ मार्च, रविवार
म्हटलं, दाबायची जागा आधी आपणच शोधावी, मग ह्यांच्याकडून घोटून घ्यावी. लबाडी तर लबाडी. रेडिओ दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तासभर उलटंपालटं केलं त्यानं. मग म्हणतो, "आजी, हे कापावंच लागेल."
"तुझं डोकं कापलं तरी त्यातून काही निघायचं नाही," म्हटलं.
चहा न घेता गेला. दूध वाचलं.

९ मार्च, सोमवार
थोरला मधेच येऊन टपकला. बापाचा हात धरून कासवाच्या पाठीवर ठेवला. "उघडा ना बाबा." अगदी मऊ आवाजात. ह्यांनी हात काढून घेतला आणि बसल्या जागी लेंगा ओला केला.
थोरल्यानंच पुसलं, बदललं. ओरडला असता तर बरं होतं — भांडता तरी आलं असतं.

१२ मार्च, गुरुवार
ह्यांच्या कपड्यांवर नाव शिवत बसले. तिथे संस्थेत सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात म्हणे. माझं दोन बुकं शिकलेलीचं अक्षर, कुणाला वाचता नाही आलं तर ह्यांना दुसऱ्याच कुणाचे सदरे मिळतील.
कासव टेबलावरच पडलंय. माळ्यावर चढवायचं त्राण नाही.

१३ मार्च, शुक्रवार
दुपारी भांडी घासत होते. बाहेर टक्‌ असं वाजलं. येऊन बघते तर पाठ एकीकडे, पोट एकीकडे. हे उभे, लेंग्याला हात पुसत. माझ्याकडे बघून हसले.
"ओ बाई, दार उघडा. सुटीचा भोंगा झाला. घरी बायको वाट बघत असेल. तोंडाची फार फटकळ आहे."
"जा," म्हटलं, "ताटकळत नका ठेवू तिला."
दार उघडून दिलं. अंगणात जाऊन उभे राहिले.
मी पाठ दाबून बसवली. ह्यांच्या लेखी हे घर नव्हेच, मग अडवून कुणासाठी ठेवू? उद्या थोरल्याला सांगेन, नाही उघडलं.